टेपचं टोक

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

काल यांना जाऊन चार महिने झाले. मैत्रीण शैला भेटायला आली होती. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "कांचन, अगं अजून दोन कप आधण ठेवतेस?" म्हटलं, मी नाही ठेवत, हात ठेवतो. "मग हाताला दुसरं काही तरी काम दे. रोजचं लिहीत जा. इंग्लिशमध्ये नको, मराठीतच लिही. कोण वाचणार आहे?"

म्हणून ही वही. यांच्याच वह्यांतली, पिवळ्या पुठ्ठ्याची. हिच्या कागदावर पाऊस पडला तरी पेन्सिलीचं अक्षर जात नाही. यांनी तीस वर्षं इथे अमेरिकेत सरकारी रस्ते खात्यात मोजणीचं काम केलं, त्यामुळे दुसरा कागद यांना चालायचाच नाही. गॅरेजमध्ये अशा अकरा कोऱ्या वह्या आहेत, आणि भरलेल्यांची दोन खोकी. भरलेल्या मी उघडलेल्या नाहीत.

बाहेर बर्फ आहे. लायब्ररीची तीन पुस्तकं परत करायची राहिली आहेत. यांनी तारीख चुकू दिली नसती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजातले डॉनली येऊन गेले. ते तिथल्या मैदानी खेळांचे प्रमुख आहेत. इथून वीस मिनिटांवरच्या या कॉलेजात हे दर वसंतात शनिवारी पंच म्हणून जायचे. विनामूल्य, सव्वीस वर्षं. काम थाळीफेकीच्या वर्तुळापाशी उभं राहण्याचं. फेकणाऱ्याचा पाय लोखंडी कड्यावर किंवा कड्याबाहेर पडला तर लाल झेंडा, म्हणजे फेक बाद. नाही तर पांढरा, मग टेपने मोजायचं. पटवर्धन हे नाव तिथे कोणाला जमायचं नाही. सगळे 'पॅट' म्हणायचे.

डॉनली म्हणाले, कॉलेजने नवं वर्तुळ बांधलंय, त्याला पॅटचं नाव द्यायचं ठरलंय. २६ एप्रिलला कार्यक्रम. तिथे पितळी पाटी लागणार, तिच्यावर यांचं वाक्य: इंच म्हणजे इंच. "तुम्ही चार शब्द बोलाल ना?"

मी हो म्हटलं. मग भीती वाटली. मी मॅट्रिक झालेली बाई. इंग्रजी शिकले ती लायब्ररीत, मांडीवर डिक्शनरी ठेवून. वाचता सगळं येतं, पण उभं राहून बोलायचं म्हणजे शब्द अडखळतात.

शैलाला फोन केला. म्हणाली, "अगं केवढी मोठी गोष्ट आहे! आपल्या मराठी मंडळाच्या न्यूजलेटरमध्ये टाकू. साडी कुठली नेसणार?"

२ मार्च, रविवार

भाषणासाठी आठवणी काढत बसले. यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण लोकांपुढे सांगण्यासारखं म्हटलं की कमी होतं.

एक आठवलं. चौऱ्याण्णव साली लायब्ररीत मदतनिसाची जागा निघाली होती. मी अर्ज लिहिला. यांनी लाल पेन्सिल घेऊन तपासला. पान भरून खुणा. हे म्हणाले, "चुकीचं देण्यापेक्षा न दिलेलं बरं." मी पुन्हा लिहिला, पुन्हा तपासला. तिसऱ्यांदा लिहीपर्यंत तारीख गेली. माझी फजिती होऊ नये म्हणून एवढा वेळ काढला त्यांनी. कोणाचा नवरा इतकं बघतो? पण हे भाषणात नीट सांगता येईल का, कळत नाही. कागदावर उतरवलं तर ते जरा वेगळंच दिसतंय.

दुसरं मात्र सांगायचंच. मैदानावर मी डबा द्यायला जायची ती कुंपणाबाहेरूनच. आत येऊ नकोस, असं बजावलेलं. पण एकदा, फार वर्षं झाली, सगळे घरी गेल्यावर यांनी मला आत बोलावलं. गवतात एक लहान खड्डा पडला होता, त्यात लोखंडी खुंटी रोवून टेपचं टोक माझ्या हातात दिलं. हे चालत वर्तुळापर्यंत गेले. टेप ताठ झाली. तिकडून ओरडले, "कांचन, ताण सोडू नकोस." मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. ऊन उतरलं होतं, गवताचा वास येत होता. यांनी आकडा वाचला आणि वहीत लिहिला. परत येताना गाडीत काही बोलले नाहीत, पण माझ्या गुडघ्याला चिकटलेलं गवत हाताने झटकलं.

पन्नास वर्षांच्या संसारात त्यांच्या इतकी जवळ मी क्वचितच बसले असेन.

१५ मार्च, शनिवार

आज एक बाई आली. दार उघडलं तर दारभर उभी. सहा फुटाला बोटभर कमी, रुंद खांदे, हातात कापडात गुंडाळलेला पाव. "मी भाजलाय. मी एलोदी मार्शां. तुमच्या मिस्टरांना ओळखत होते."

बसवलं, पोहे केले. तिने मिरच्या बाजूला न काढता खाल्ले. चौतीस वर्षांची आहे, दोन गावं पलीकडच्या शाळेत व्यायामशिक्षिका, मुलींना गोळाफेक आणि थाळीफेक शिकवते. मूळची फ्रान्सची. वडील घरांच्या छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरश्या बसवायचे. गावाबाहेर बंद पडलेली खाण, तिच्यात पाणी साठलेलं. वडलांच्या फुटक्या फरश्या घेऊन ही पोर त्या पाण्यावरून पलीकडे फेकायची.

"भाऊ दगड पाण्यावर उड्या मारत न्यायचे. मला उड्या नको होत्या. मला पलीकडचा काठ हवा होता." तेराव्या वर्षी शाळेतल्या बाईंनी पाहिलं आणि हातात रबरी थाळी दिली. सोळाव्या वर्षी जिल्ह्यात पहिली, अठराव्या वर्षी देशात तिच्या वयाच्या मुलींत तिसरी. मग इकडच्या कॉलेजने खेळासाठी बोलावलं. आली तेव्हा इंग्रजीतली पन्नास वाक्यं येत होती. "त्यातली वीस जेवणाची," म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं. माझीही तशीच होती.

कॉलेजचा विक्रम अजून तिच्याच नावावर आहे, छप्पन्न मीटर वीस. म्हणून डॉनलींनी तिला विचारलंय की नव्या वर्तुळातून पहिली फेक तू कर.

"उत्तर देण्याआधी मला एक गोष्ट बघायची आहे," ती म्हणाली. "२०१२, एप्रिल २८. माझी तिसरी फेक. आमच्या देशाच्या संघात जायला अठ्ठावन्न मीटर लागत होते. मला थाळी हातातून सुटतानाच कळलं होतं. मिस्टर पॅटनी लाल झेंडा दाखवला. मी म्हटलं, प्लीज, मोजा तरी. ते म्हणाले, मोजण्यासारखं काही नाही."

मी म्हटलं, "पाय बाहेर गेला असेल."

"असेल. ते सगळं वहीत लिहायचे. मला फक्त ते पान बघू द्या."

मी म्हटलं, "वह्या नाहीत. टाकून दिल्या."

टेबलावर हीच वही होती, पिवळी. तिने वहीकडे पाहिलं.

"ही माझी," मी म्हटलं. "माझी स्वतःची."

"हो का," म्हणाली. फोन नंबर लिहून दिला, ताटली धुऊन ठेवली आणि गेली.

१६ मार्च, रविवार

मी खोटं बोलले. का बोलले, ते कळत नाही. वह्यांत काय आहे ते मला ठाऊकसुद्धा नाही. यांचा शब्द तपासायला कोणी आलं, एवढंच मला सहन झालं नाही. पाव चांगला आहे.

२२ मार्च, शनिवार

गॅरेजमध्ये गेले. २०१२ ची वही दुसऱ्या खोक्यात मिळाली. एकही तारीख गाळलेली नाही. यांचं अक्षर बघून आधी रडूच आलं, आकडेसुद्धा छापल्यासारखे.

२८ एप्रिलचं पान. नावं, प्रत्येकीच्या फेकी. मार्शांच्या ओळीत ५४.८८, ५५.१०, आणि तिसऱ्या घरात फुली. फुली म्हणजे बाद. मला हायसं वाटलं. वही मिटणार, तेवढ्यात पानाच्या तळाशी मराठीत लिहिलेलं दिसलं. यांची वही पहिल्यापासून इंग्रजीत, मराठी एवढंच.

'सगळे गेल्यावर मोजले. ५८.३१. कां.ने टोक धरले.'

कां. म्हणजे मी.

पुढच्या पानावर कॉलेजच्या वर्तमानपत्रातलं त्या तिसऱ्या फेकीचं छायाचित्र चिकटवलेलं. पोरगी गिरकी संपवून थाळी सोडतेय, तोंड उघडं, वेणी उडालेली. खाली पांढरं कडं आणि तिचा बूट. बूट आणि कडं यांच्यात काळी फट आहे. पेन्सिलीने फटीभोवती गोल केलाय. शेजारी पुन्हा मराठीतच लिहिलंय, '३ मे. पाय आत. बोटभर.'

पुढे काही नाही. पाच मेपासून पुन्हा नेहमीचं.

मी त्या गॅरेजच्या पायरीवर किती वेळ बसले होते कोण जाणे. पाय गार पडले तेव्हा उठले.

२३ मार्च, रविवार

यांचं नियमांचं पुस्तक काढलं आणि डिक्शनरी घेऊन बसले. बाद ठरलेल्या फेकीवर खेळाडूने जागच्या जागी आक्षेप घेतला, तर फेक मोजून ठेवता येते. निर्णय मागाहून करता येतो. त्या ओळीखाली यांनीच रेघ मारलेली आहे. पट्टीने.

मोजा तरी, म्हणाली होती ती.

कदाचित तिचं इंग्रजी यांना कळलं नसेल. कदाचित निकालाचे कागद सही होऊन पुढे गेले असतील. मोठ्या माणसाला शब्द परत घेणं जड जातं. हे सगळं मी काल रात्रीपासून स्वतःला सांगतेय, आणि मग ती पट्टीने मारलेली रेघ आठवते.

३० मार्च, रविवार

आमच्या मुलाचा, मिहीरचा रेडमंडहून फोन. रविवारी नेमाने करतो. तिकडे पाऊस आहे, असं नेमाने सांगतो. दहा वर्षं तो आणि हे एकमेकांशी फक्त हवापाण्याचं बोलले. आज मी त्याला वहीचं सांगितलं. वाटलं होतं, धक्का बसेल त्याला.

तो म्हणाला, "हं."

"हं काय? तुझ्या बाबांबद्दल सांगतेय मी."

"आई, तुला काय हवंय? तू ते पान फाड, ऑर डोन्ट. बाबांना आता काही फरक पडत नाही."

"त्या मुलीला पडतो."

"अच्छा. तिला पडतो." मग म्हणाला, "आई, मी थाळीफेक का सोडली, आठवतं?"

"अभ्यास वाढला म्हणून."

"शाळेतली शेवटची मीट, कॉलेजच्या ग्राउंडवर. बाबाच जज होते. माझी बेस्ट थ्रो होती ती. रेड फ्लॅग. माझा पाय आत होता, आई."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो होतो. कारमध्ये, येताना. तू पुढच्या सीटवर होतीस. तू म्हणालीस, बाबा म्हणतात म्हणजे असेल."

"मला नाही आठवत."

"आय नो. मला आठवतं." मग म्हणाला, "बरं, औषधं घेतेस ना वेळेवर?"

घेते म्हटलं.

मिहीर सतरा वर्षांचा असेल तेव्हा. आमच्या निळ्या गाडीत मागे बसायचा, गुडघे माझ्या सीटला लागायचे. मी तसं म्हणाले असेन. असं मी सगळ्याच गोष्टींना म्हणत आले.

५ एप्रिल, शनिवार

एलोदीच्या शाळेच्या मैदानावर गेले. शैलाने गाडीतून सोडलं. तिला काही सांगितलं नाही, फक्त "काम आहे" म्हटलं. ती म्हणाली, "फ्रेंच बाईकडे तुझं काय काम? बघ हां, फॅशन शिकून येशील."

एलोदी चार मुलींना शिकवत होती. ती प्रत्येकीला वर्तुळाच्या कड्यापासून वीतभर आत थांबवत होती. "आत. अजून आत. कड्याच्या जवळ जायचंच नाही." एक मुलगी म्हणाली, "कोच, मग एवढी जागा फुकट जाते ना!" ती म्हणाली, "जाऊ दे."

मुली गेल्यावर आम्ही बाकावर बसलो. मी वही काढून पान उघडलं. मराठी ओळ वाचून अर्थ सांगितला. टोक धरणारी मीच, हेही सांगितलं. आणि वह्या टाकल्या म्हणाले ते खोटं होतं, हेही.

मला वाटलं होतं ती रडेल, नाही तर मला थँक्यू म्हणेल. तिने छायाचित्रावर बोट ठेवलं, त्या फटीवर.

मग बोलू लागली. आवाज चढला नाही. त्या लाल झेंड्यानंतर तिच्या प्रशिक्षकाने ठरवलं, तुझा पाय पुढे जातो, गिरकी लहान कर. तिने केली. वीतभर मागे राहू लागली. फेक छप्पन्नवरून बावन्नवर आली. मग जोर लावायला गेली आणि अपुऱ्या गिरकीत गुडघा पिळला. २०१४ ला गुडघ्याची शस्त्रक्रिया, पुढच्या वर्षी दुसरी. कॉलेज संपलं. गावी परत गेली नाही. "काय दाखवायला जाणार होते?"

"वडील?" मी विचारलं.

"त्यांनी त्या उन्हाळ्यात आठवडाभर काम घेतलं नव्हतं, संघ जिथे जाणार होता तिथे येण्यासाठी. मी फोन केला. त्यांनी एकच विचारलं, पाय गेला होता का बाहेर? मी म्हटलं, पंच म्हणाले म्हणजे गेला असेल. ते म्हणाले, मग बरोबर आहे, पंचांशी वाद घालायचा नाही. दोन हजार पंधरात वारले."

मी म्हटलं, "मला माफ कर."

"तुम्ही आज आला नसता तर माझा पाय बाहेरच राहिला असता," ती म्हणाली. "मी चुकले होते. चुकणाऱ्या माणसाला जगता येतं, मिसेस पटवर्धन. तेरा वर्षं मी त्या पायाला सांभाळलं. आता सांगताय की त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आता या मुलींना मी काय शिकवू?"

वही तिलाच देऊन आले. शैलाने गाडीत विचारलं, "काय गं, तोंड असं का?" म्हटलं, ऊन लागलं. ऊन नव्हतंच.

१२ एप्रिल, शनिवार

भाषण लिहिलं. या वेळी तपासायला कोणी नाही. चुका असतील तर असतील. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी डॉनलींना दाखवावं असं वाटलं, मग वाटलं, लाल पेन्सिल आता पुरे.

२६ एप्रिल, शनिवार

आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

ऊन छान होतं. कॉलेजची मुलं, सव्वीस वर्षांतले जुने खेळाडू, मंडळाचे वीस-पंचवीस लोक. पाटी निळ्या कापडाने झाकलेली. एलोदी आली नव्हती. पहिली फेक कोणा दुसऱ्या मुलीने केली.

मी उभी राहिले आणि कागद वाचला. सगळं सांगितलं. २८ एप्रिल २०१२, एलोदी मार्शां, तिसरी फेक. माझ्या नवऱ्याने लाल झेंडा दाखवला, तो चूक होता. तिने मोजा म्हटलं, यांनी मोजलं नाही. सगळे गेल्यावर मोजलं, टोक मी धरलं होतं. अठ्ठावन्न मीटर एकतीस. पाच दिवसांनी यांना पुरावा मिळाला आणि यांनी कोणाला सांगितलं नाही. शेवटी वाचलं, 'म्हणून या वर्तुळाला हे नाव देण्याआधी तुम्ही विचार करावा.'

शब्द एकही अडखळला नाही.

मला वाटलं, आता कोणी तरी उठेल.

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी एक माणूस उभा राहिला, मग सगळेच. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. डॉनली माझा हात धरून माइकवर म्हणाले, "बघा, हाच आमचा पॅट. स्वतःची चूक स्वतःच्या वहीत लिहून ठेवणारा माणूस. आज किती जण असं करतील?" पुन्हा टाळ्या. मग त्यांनी कापड ओढलं. इंच म्हणजे इंच.

शैला माझ्या गळ्यात पडली. "काय बोललीस गं! भाऊजी खरंच देवमाणूस होते."

मी तिला म्हटलं, "शैला, मी काय बोलले ते ऐकलंस का तू?"

"ऐकलं ना! अंगावर काटा आला."

गर्दी सरल्यावर मी डॉनलींना गाठलं. म्हटलं, मग विक्रमाच्या फलकावर तिची अठ्ठावन्न एकतीस लावा. त्यांनी मान हलवली, चेहरा खरोखर दुःखी करून. "ते नाही करता येत, मिसेस पटवर्धन. त्या दिवशीच्या कागदावर ती बाद आहे, खाली सही आहे. नियम म्हणजे नियम. पॅटनेच आम्हाला शिकवलं ते." मग म्हणाले, ती वही मिळाली तर काचेच्या कपाटात ठेवू, तेच पान उघडून.

म्हटलं, वही माझ्याकडे नाही. या वेळी ते खरं होतं.

मिहीरला संध्याकाळी सांगितलं. तो एकदम हसू लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज बिघडला. "सॉरी, आई," म्हणाला. मी म्हटलं, "तुझा पाय आत होता, मिहीर." पलीकडे बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता.

४ मे, रविवार

सकाळी एलोदीचा फोन. "टेप आहे का तुमच्याकडे? त्यांची?"

होती. गॅरेजमध्ये खिळ्याला, तेल लावून ठेवलेली. ती गाडी घेऊन आली, आम्ही कॉलेजात गेलो. जुनं मैदान आता गाड्यांच्या पार्किंगचं आहे. जुनं वर्तुळ मात्र कुंपणाच्या कोपऱ्यात राहून गेलंय, काँक्रीटला भेगा, कड्याचा पांढरा रंग गेलेला, गंज वर आलेला. रविवार म्हणून दोन-चारच गाड्या होत्या.

समारंभाचं तिला कोणी तरी सांगितलं असावं. तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

तिने छायाचित्र पाहून आपला पाय ठरवला, कड्यापासून बोटभर आत. "तुम्ही चला," म्हणाली. मी टेपचं टोक धरून चालू लागले. डांबरावर पट्टे मारलेले, एकेका गाडीची जागा. पन्नासच्या पुढे मला दम लागला. मागून तिने ओरडून थांबवलं. मी थांबले तिथे एक करडी गाडी उभी होती. तेव्हा थाळी पडली होती ती जागा त्या गाडीच्या मागच्या चाकाखाली येत होती. मी चाकाला टेकून खाली बसले आणि जमेल तितकं टोक आत सरकवलं.

तेवढ्यात गाडीवाला आला. कॉलेजातलाच कोणी, हातात कॉफी. "मॅडम, काही हरवलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "सापडलंय. एक मिनिट थांबता का?"

तो थांबला. टेप ताठ झाली. दोन्ही हातांनी धरली होती मी, तेव्हासारखीच. एवढ्या लांबून एलोदीचा चेहरा दिसत नव्हता, नुसते खांदे. ती वाकली, कड्यापाशी आकडा बघितला आणि पंच ओरडतात तसं मोठ्याने ओरडून वाचला. अठ्ठावन्न, एकतीस. कुंपणापलीकडे कोणी नव्हतं. कॉफीवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, ती अजून काही म्हणेल. हात वर करेल. निदान हलेल तरी. ती तशीच वाकलेली होती, एक हात टेपवर, दुसरा गुडघ्यावर. त्याच गुडघ्यावर.

मग तिने मला न सांगता टेप गुंडाळायला सुरुवात केली. माझ्या तळहातात टेपचा पोलादी पत्रा सरकला, चरचरलं. ताण सोडू नकोस, असं कानात आलं, यांच्याच आवाजात.

मी सोडला. टोक डांबरावरून खडखडत तिच्याकडे निघून गेलं.